‘बहिरी’ : निजामशाही कुलनामाची व्युत्पत्ती आणि विरलता

१

अहमदनगर शहराच्या (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) पूर्वेस लागून असलेले भिंगार हे गाव आज मुख्यतः तेथील लष्करी छावणीमुळे परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस ते दोन प्रसंगांवरून आठवते. दि. २८ मे १४९० रोजी मलिक अहमद याने भिंगारच्या परिसरात बहमनी सेनापती जहांगीरखान याच्या सैन्याचा पराभव केला व स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला. दि. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहा येथेच मृत्यू पावला. एका राज्याचा उदय आणि एका बादशाहीच्या ऱ्हासाचा आरंभ असे दोन्ही प्रसंग ह्या एका गावाच्या शिवारात घडले.

प्रस्तुत लेखाचा विषय पहिल्या प्रसंगाशी निगडित आहे. भिंगारची लढाई जिंकणाऱ्या पुरुषाचा निर्देश फारसी तवारिखांत ‘अहमद निजामशाह बहिरी’ असा येतो. ह्यांपैकी ‘अहमद’ हे त्याचे व्यक्तिनाम. ‘निजाम’ हा भाग त्याच्या पित्याला मिळालेल्या ‘निजाम-उल्-मुल्क’ ह्या पदवीवरून आला, आणि ‘शाह’ हे राजपद त्याने स्वतः धारण केले. शेवटचा ‘बहिरी’ हा शब्द मात्र पदवी नाही व पदही नाही. पित्यास लागलेला हा शब्द पुत्राकडे आला व पुढे घराण्याचा निर्देशक बनला. वंशपरंपरेने चालणे ही कुलनामाची मुख्य खूण मानली, तर ‘बहिरी’ ह्यास निजामशाही घराण्याचे आडनाव म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ह्या आडनावाविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात. ते कोठून आले, हा पहिला. सुमारे दीडशे वर्षे राज्य करणाऱ्या घराण्याचे हे नाव महाराष्ट्राच्या आडनावांत का रुजले नाही, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

प्रथम घराण्याची हकीकत थोडक्यात पाहू. मलिक अहमदाचा पिता मलिक हसन हा बहमनी दरबारातील एक बलाढ्य सरदार होता. दरबारात दखनी आणि परदेशी अथवा आफाकी असे जे दोन पक्ष होते, त्यांपैकी दखनी पक्षाचे नेतृत्व त्याच्याकडे होते. इ. स. १४८१ मध्ये वजीर महमूद गावान ह्याचा जो वध झाला, त्यामागील कारस्थानात मलिक हसनाचा हात होता असे इतिहासकार मानतात. त्यानंतर राज्याची सर्व सूत्रे त्याच्या हाती आली, परंतु इ. स. १४८६ मध्ये बीदर येथे त्याचाही घात झाला. त्या वेळी मलिक अहमद जुन्नर प्रांतात होता. तेथील किल्ले त्याने आपल्या कबजात आणले, आपल्यावर पाठविलेली बहमनी सैन्ये परतविली, आणि शेवटी भिंगारजवळ जहांगीरखानाच्या छावणीवर पहाटेच्या सुमारास अकस्मात छापा घालून त्याचा मोड केला. रणभूमीच्या जागी त्याने बाग लावली, म्हणून ह्या लढाईस ‘बागेची लढाई’ असेही म्हणतात. ह्याच परिसरात सीना नदीच्या काठी त्याने इ. स. १४९४ मध्ये आपल्या नावाचे शहर वसविण्यास आरंभ केला.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. भिंगारच्या लढाईपूर्वी ‘बहिरी’ हा एका सरदाराचा लकब होता. तिच्यानंतर तो राजघराण्याचा लकब झाला. सरदाराच्या नावाची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. राजाच्या नावाची मात्र अनेकांस करावीशी वाटते, आणि प्रत्येकाचा हेतू निराळा असतो.

३

‘बहिरी’ शब्दाच्या उगमाची सर्वांत सविस्तर हकीकत फिरिश्ता ह्या इतिहासकाराने दिली आहे. फिरिश्ता मूळचा इराणातील अस्त्राबादचा. लहानपणीच तो पित्याबरोबर अहमदनगरास आला, तेथील दरबारात वाढला, व मुर्तजा निजामशहाच्या चाकरीत राहिला. इ. स. १५८९ मध्ये तो विजापुरास गेला व तेथे इब्राहिम आदिलशहा दुसरा ह्याच्या आश्रयाने त्याने आपला ‘गुलशन-इ-इब्राहिमी’ हा इतिहास रचला.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता. त्याचे मूळ नाव तिमाप्पा व पित्याचे नाव भैरव. हे घराणे मूळचे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे; पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. काही कारणाने ह्या घराण्यातील पूर्वजाने पाथरी सोडून विजयनगरचा आश्रय घेतला. अहमदशहा बहमनी (राज्यकाल १४२२–१४३६) ह्याच्या विजयनगरवरील स्वारीत तिमाप्पा बालवयात कैद झाला. बहमनी राजवाड्यातील गुलामांत त्याची भरती होऊन त्यास मलिक हसन हे नाव मिळाले. मुलाची बुद्धी पाहून सुलतानाने त्यास आपल्या पुत्राच्या सोबतीस दिले. राजपुत्राबरोबर तो फारसी व अरबी शिकला. पित्याच्या नावावरून त्यास ‘मलिक हसन भैरव’ म्हणत. परंतु राजपुत्रास हा शब्द नीट उच्चारता येईना, तो ‘बहरी’ म्हणे, आणि तेच नाव रूढ झाले.

ही हकीकत स्वीकारताना सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. फिरिश्ता ही हकीकत घडल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहीत आहे, आणि तेही निजामशाहीशी वारंवार लढलेल्या विजापूर दरबारात बसून. प्रतिस्पर्धी घराण्याचा मूळ पुरुष युद्धात धरलेला गुलाम होता, असे सांगण्यात विजापुरास गोडी वाटली असल्यास नवल नाही. तथापि फिरिश्त्याचे बालपण व तारुण्य अहमदनगरात गेले होते, आणि तेथील दरबारातच त्याने ही हकीकत ऐकली असणे संभवनीय आहे.

तिच्या पुष्टीस एक राजकीय घटना पुढे करता येते. दुसरा निजामशहा बुऱ्हाण ह्याने पाथरीचा प्रदेश वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितला, नकार मिळताच इ. स. १५१८ मध्ये तो बळाने घेतला, आणि पुढे त्या गावासाठी दोन्ही राज्यांत पुन्हा युद्ध झाले. पाथरी ही आपल्या पूर्वजांच्या वतनाची भूमी म्हणून बुऱ्हाणास ती हवी होती, असे कारण फिरिश्ता देतो. मात्र नावाची कथा आणि पाथरीचे कारण ही दोन्ही एकाच लेखकाकडून मिळतात, म्हणून ती दोन स्वतंत्र प्रमाणे होत नाहीत. युद्ध झाले ही घटना खरी; त्यामागील हेतूस साक्षी एकच. म्हणून ‘बहिरी’ची व्युत्पत्ती केवळ कथेवर सोपवून चालणार नाही. ती भाषेच्या व लिपीच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

४

राजपुत्राला ‘भैरव’ उच्चारता आला नाही, हा कथेतील भाग वरवर लहान मुलाच्या बोबड्या बोलाची गोष्ट वाटतो. मराठीच्या अभ्यासकाला मात्र त्यात नवल वाटू नये. संस्कृत ‘भैरव’ शब्दाचे लोकभाषेतील रूप महाराष्ट्रात अनेक शतके ‘बहिरव’, ‘बहिरो’, ‘बहिरोबा’ असेच आहे. ‘भ’मधील महाप्राण सुटा होऊन ‘बह’ असा उच्चार होणे ही मराठीच्या तोंडवळणाची गोष्ट आहे. शिवाजी महाराजांच्या हेर खात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक, आणि बाळाजी विश्वनाथापूर्वी शाहू छत्रपतींचे पेशवे असलेले बहिरो मोरेश्वर पिंगळे, ह्या दोघांची नावे भैरवावरूनच ठेवलेली आहेत. अमरावती जिल्ह्यातील बहिरमची यात्रा त्याच दैवताची. कोकणात त्याच दैवतास ‘भैरी’ म्हणतात. रत्नागिरीचे ग्रामदैवत श्रीदेव भैरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. भिंगारच्या आसपासचा मुलूखही ह्या दैवताच्या उपासनेचा आहे. नगर तालुक्यातील आगडगावचा काळभैरवनाथ पंचक्रोशीतील लोकांचे श्रद्धास्थान आहे, आणि ‘बहिरवाडी’ हे गावनाव ह्या जिल्ह्यास अपरिचित नाही.

तात्पर्य, ‘बहिरो’ आणि ‘भैरी’ ही दोन्ही रूपे मराठी मुखात तयारच होती. बीदरच्या राजवाड्यात मराठी, कानडी व तेलुगू बोलणाऱ्या चाकरांची वाण नव्हती. तेव्हा ‘भैरव’चा ‘बहिरी’ होण्यास राजपुत्राच्या जिभेवर दोष ठेवण्याचे कारण नाही. ज्या रूपास फारसी इतिहासकार उच्चारातील चूक समजला, ते त्या देशाच्या बोलीतील नेहमीचे रूप होते.

आता लिपीकडे वळू. फारसी भाषेत महाप्राण व्यंजने नाहीत. हिंदी व मराठी नावांतील ‘भ’ लिहिण्यासाठी फारसी लेखक ‘बे’ ह्या अक्षरापुढे ‘हे’ हे अक्षर लिहीत. पुढील काळातील उर्दूप्रमाणे महाप्राणासाठी दोन डोळ्यांचा ‘हे’ राखून ठेवण्याची शिस्त त्या काळी नव्हती. परिणामी ‘भैरव’ असे लिहिलेले नाव ‘बहीरव’ किंवा ‘बहीरू’ असेही वाचता येई. कानाने मराठी रूप ऐकावे किंवा डोळ्याने फारसी अक्षरे वाचावी, दोन्ही वाटा ‘बहिर’ ह्याच ठिकाणी पोहोचतात. शेवटचा ‘ई’ हा फारसीतील संबंधवाचक प्रत्यय असणे शक्य आहे. शिराजचा तो शिराजी, त्याचप्रमाणे बहिरोचा तो बहिरी. कोकणातील ‘भैरी’ हे रूप लक्षात घेता ह्या प्रत्ययाचा आधार न घेताही शब्द सिद्ध होतो.

येथपर्यंत शब्दाचा ध्वनी बदलला. अर्थ बदललेला नव्हता. अर्थ बदलला तो एका अक्षरामुळे. फारसी लिपीत ‘ह’ ध्वनीसाठी दोन अक्षरे आहेत. ‘भैरव’ लिहिताना जो ‘हे’ येतो तो हव्वज वर्गातला. परंतु तवारिखांत निजामशाही लकब ‘हुत्ती’ म्हणविल्या जाणाऱ्या दुसऱ्या ‘हे’ने लिहिलेला आढळतो. भारतीय कानास ह्या दोहोंत भेद जाणवत नाही. लेखनात मात्र भेद मोठा आहे. कारण दुसऱ्या ‘हे’ने लिहिताच तो शब्द अरबी ‘बह्र’ म्हणजे समुद्र ह्यापासून बनलेला ‘बहरी’ होतो. हा शब्द अरबी-फारसीत आधीपासूनच होता व त्यास स्वतःचा अर्थ होता. एका दैवताचे नाव अशा रीतीने अलगद एका परक्या शब्दाच्या पोटात शिरले.

५

‘बहरी’चा मूळ अर्थ ‘समुद्रासंबंधीचा’. परंतु शिकारीच्या परिभाषेत तो एका ससाण्याचे नाव आहे. पाणथळ जागी बदके व पाणकोंबड्या मारणारा हा पक्षी शिकारी राजेलोकांस प्रिय होता. मराठीत आजही त्यास ‘बहिरी ससाणा’ म्हणतात. मलिक हसनाचा लकब ह्या पक्ष्यावरून पडला, त्याच्याकडे दरबारातील शिकारी पक्ष्यांचे काम होते, असे दुसरे मत काही इतिहासकारांनी मांडले आहे. मत असंभाव्य नाही. मुसलमानी दरबारांत शिकारी पक्ष्यांचा अधिकारी हा मानाचा हुद्देदार असे, आणि राजपुत्राच्या सोबत्याला असे काम मिळणे स्वाभाविक होते.

परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. ह्या पक्ष्याच्या नावाचाही भारतात उलट दिशेने प्रवास झाला. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात येथील पाळणाऱ्यांकडून त्याचे नाव ऐकले, तेव्हा त्यांनी ते ‘भैरी’ असे लिहून घेतले. म्हणजे ज्या तोंडांनी भैरवाचा बहिरी केला, त्याच जातीच्या तोंडांनी बहरीचा भैरी केला. ‘भ’ आणि ‘बह’ ह्यांची अशी देवघेव ज्या भूमीवर सहज चालते, तेथे केवळ ध्वनिसाम्यावरून दैवत की पक्षी हा निर्णय करता येत नाही. मराठीत ह्यात तिसराही एक भिडू आहे : संस्कृत ‘बधिर’पासून आलेला ‘बहिरा’. ‘बहिर’ने आरंभ होणाऱ्या आजच्या मराठी आडनावांची व्युत्पत्ती सांगू इच्छिणाऱ्याने भैरव व बधिर ह्या दोहोंची शक्यता प्रत्येक वेळी स्वतंत्र तपासली पाहिजे.

असा पेच केवळ आपल्याकडेच पडतो असे नाही. युरोपात आडनावांचा शास्त्रीय अभ्यास विशेषेकरून जर्मनीत झाला. तेथील आडनावे साधारणतः बाराव्या ते पंधराव्या शतकांत वंशपरंपरागत झाली. ‘फाल्क’ हे जर्मन आडनाव ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. ‘फाल्के’ म्हणजे ससाणा. परंतु एखाद्या फाल्क कुटुंबाचा मूळ पुरुष ससाण्यासारख्या स्वभावाचा होता, ससाणे पाळीत होता, त्याच्या घरावर ससाण्याचे चिन्ह होते, की त्याच्या बापाचे नावच ‘फाल्को’ होते, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. व्यवसाय दाखविणारे ‘फाल्कनर’ हे निराळे आडनाव असल्यामुळे तेवढ्यापुरती सोय होते. घरावरील चिन्हाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे रोथशिल्ड. फ्रँकफुर्टच्या यहुदी गल्लीतील एका घराच्या ‘तांबडी ढाल’ ह्या नावावरून ते आडनाव पडले. ढालींशी अथवा लढाईशी त्या घराण्याचा संबंध नव्हता. जर्मन संशोधकांनी ह्यावरून जो नियम बसविला तो आपल्यालाही मार्गदर्शक आहे : आडनावाचा अर्थ कोशात शोधण्यापूर्वी त्या घराण्याच्या जुन्या कागदांत शोधावा.

हा नियम लावला असता ‘बहिरी’च्या बाबतीत पारडे भैरवाकडे झुकते. ससाण्याची व्युत्पत्ती शब्दाच्या कोशगत अर्थावरून निघते आणि तिच्यासाठी केवळ एक हुद्दा गृहीत धरावा लागतो. भैरवाची व्युत्पत्ती पित्याचे नाव, गाव व वतन ह्यांसह एका कुळाच्या हकीकतीत गुंफलेली आहे. शिवाय ‘भैरव’वरून ‘बहिरी’ झाल्यावर तो शब्द ससाण्याशी जुळवून घेणे सोपे व सोयीचे होते. ससाण्यावरून आरंभ झाला असता, तर त्याला मागाहून एका कुलकर्ण्याच्या नावाशी जोडण्याचे प्रयोजन कोणास पडले असते, हे सांगणे कठीण आहे. एवढे मात्र खरे की दोन्ही अर्थ परस्परांस मारक नाहीत. भैरवाच्या मुलाचा लकब फारसी दरबारात ससाण्याच्या अर्थाने चालला असेल, तर त्यामुळेच तो टिकला असे म्हणता येईल.

६

लकब एका अर्थाने जन्मावा व दुसऱ्या अर्थाने चालावा, ह्याचे समकालीन उदाहरण शेजारच्याच राज्यात आहे. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान ह्यास ‘सावई’ म्हणत. इराणातील सावा ह्या शहराशी त्याचा संबंध होता, म्हणून तो सावई. ही झाली शिराजी, इस्फहानी ह्यांसारखी साधी स्थलवाचक उपाधी. परंतु दख्खनच्या लोकांना सावा शहर ठाऊक नव्हते. ‘सव्वा’ हा अंक ठाऊक होता. तेव्हा हा सरदार इतरांहून सव्वापट म्हणून ‘सवाई’, असा अर्थ लोकांनी लावला. गोव्यास आलेल्या पोर्तुगीजांनी हाच शब्द ऐकून त्याचा ‘सबायो’ केला.

बहिरी आणि सवाई ह्या दोन लकबांची तुलना उद्बोधक आहे. सवाईचा प्रवास इराणाकडून दख्खनकडे झाला. परक्या शब्दाला देशी अर्थ मिळाला. बहिरीचा प्रवास दख्खनकडून इराणाकडे झाला. देशी शब्दाला परका अर्थ मिळाला. दोन्ही ठिकाणी घडले ते एकच : ऐकणाऱ्याने अपरिचित शब्दाच्या जागी आपल्या ओळखीचा शब्द बसविला. ज्या दरबारांत अनेक पिढ्या फारसी, तुर्की, अरबी, मराठी, कानडी व तेलुगू ह्या भाषा एकत्र नांदल्या, तेथे नावांचे असे अर्थांतर घडणे हाच नियम समजावा.

७

निजामशाही घराण्याला स्वतःच्या ह्या नावाविषयी काय वाटत होते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. बुऱ्हाण निजामशहा दुसरा (राज्यकाल १५९१–१५९५) ह्याच्या आश्रयाने सय्यद अली तबातबाई ह्याने ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा घराण्याचा इतिहास लिहिला. तबातबाई मलिक अहमदाचे नाते थेट बहमनी राजवंशाशी जोडतो. त्याच्या कथनाप्रमाणे अहमद हा वस्तुतः बहमनी सुलतानाचाच पुत्र, आणि मलिक हसन हा केवळ त्याचा पालनकर्ता ठरतो. कथा दरबारी आहे हे उघड आहे. तिच्यामुळे निजामशाही हे बंडखोर सरदाराचे राज्य न राहता बहमनी सिंहासनाचा न्याय्य वारसा होते.

परंतु ह्या कथेत एक अडचण राहते. अहमद जर बहमनी राजपुत्र, तर मलिक हसनाचा ‘बहिरी’ हा लकब त्याच्या वंशात येण्याचे कारण काय? बहमनी राजवंशाला हा लकब नव्हता. तो मलिक हसनाचा होता. राजवंशाची नवी वंशावळ तयार करता आली. नावाच्या शेवटी चिकटलेला बापाचा लकब मात्र तिच्यात बसला नाही. वंशावळी हेतुपुरस्सर लिहिल्या जातात. आडनावे बहुधा नकळत चालत येतात. म्हणून जेथे दोहोंत विरोध दिसेल, तेथे इतिहासकाराने आडनावाची साक्ष अधिक काळजीपूर्वक ऐकावी. मलिक हसन हाच अहमदाचा पिता होता, ह्या सामान्यतः स्वीकृत मतास ‘बहिरी’ ह्या एका शब्दाचा आधार लहान असला तरी बळकट आहे.

अलीकडील काळात ह्या घराण्याच्या ब्राह्मण मुळाची हकीकत कधी अभिमानाने, तर कधी उपहासाने सांगितली जाते. दोन्हींचा इतिहासाला उपयोग नाही. हकीकतीच्या तळाशी जे आहे ते साधे व गंभीर आहे. युद्धात धरलेल्या एका बालकाचे नाव, धर्म, भाषा व गाव ही सर्व बदलली गेली. त्याच्या पहिल्या आयुष्यातील एकच वस्तू दुसऱ्या आयुष्यात टिकली. ती म्हणजे त्याच्या बापाचे नाव, आणि तेही परक्या शब्दाच्या वेषात.

८

आता विरलतेचा प्रश्न. ‘बहरी’ हा शब्द मुळात विरळ नाही. इजिप्तमध्ये इ. स. १२५० ते १३८२ पर्यंत राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांसही ‘बहरी’ म्हणतात. परंतु तेथे त्याचा अर्थ नदीचा असा आहे. नाईलच्या पात्रातील रौदा बेटावर त्यांच्या पलटणीचे ठाणे होते, आणि अरबीत एवढ्या मोठ्या नदीसही ‘बह्र’ म्हणतात. अक्षरे तीच, उगम सर्वस्वी निराळा. मामलुकही मूळचे गुलाम व निजामशाहीचा मूळ पुरुषही गुलाम, एवढ्या साम्यावरून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. शब्द सामान्य असला तरी भैरवापासून निघालेले ‘बहिरी’ हे राजकुलनाम जगात एकच आहे.

आडनाव विरळ का होते, ह्याचे कारण त्याच्या उगमांच्या संख्येत असते. जर्मनीत ‘म्युलर’ म्हणजे दळणारा व ‘श्मिट’ म्हणजे लोहार ही आडनावे सर्वांत अधिक आढळतात, कारण गावोगाव एक पाणचक्की व एक लोहारशाळा होती. प्रत्येक गावी ते आडनाव स्वतंत्रपणे जन्मले. महाराष्ट्रात तोच न्याय पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी ह्या आडनावांस लागू पडतो. गावोगाव पाटील व कुलकर्णी होते, परगण्यापरगण्यात देशमुख व देशपांडे होते. म्हणून एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली असंख्य कुटुंबे एकच आडनाव लावतात. गावावरून पडलेली आडनावे त्यामानाने मर्यादित असतात. होळ गावावरून होळकर हे नाव मल्हाररावांच्या घराण्यामुळे सर्वतोमुखी झाले, तरी त्याचा उगम एका गावापुरता राहिला. एका व्यक्तीस एका प्रसंगी पडलेल्या नावाचा उगम सर्वांत अरुंद असतो. ‘बहिरी’ ह्या शेवटच्या वर्गातील आहे.

उगम एकच असला तरी आडनाव टिकू शकते. त्यासाठी ते कागदावर व जमिनीवर रुजावे लागते. मराठी आडनावे टिकली ती मुख्यतः वतनांमुळे. वतनाचा महजर, इनामाची सनद, वाटणीपत्र ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव लिहिले जाई, आणि हक्क सांगण्यासाठी वंशजांस ते जपावे लागे. सिंहासनावरील घराण्याला अशा आधाराची गरज नव्हती. त्याचे नाव राज्याबरोबर होते. राज्य गेले तेव्हा ते नाव धारण करण्यास ठिकाण उरले नाही. इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. मलिक अंबराने राज्य आणखी एक पिढी जगविले. इ. स. १६३३ मध्ये दौलताबाद पडले व तेथील निजामशहा कैदेत ग्वाल्हेरीस गेला. शहाजीराजांनी आणखी एका बालकास गादीवर बसवून राज्य सावरण्याचा यत्न केला, तोही इ. स. १६३६ मध्ये माहुली येथे संपला. त्यानंतर ‘बहिरी’ हे जिवंत आडनाव न राहता तवारिखांतील शब्द बनला.

येथे व्युत्पत्ती आणि विरलता हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. फिरिश्त्याची हकीकत खरी मानल्यास ह्या कुळाच्या दोन शाखा झाल्या. पाथरीस राहिलेले भाऊबंद कुलकर्णीच राहिले. त्यांचे आडनाव महाराष्ट्रातील अत्यंत सामान्य आडनावांपैकी एक, जे असंख्य घरांत आजही नांदते. त्यांच्यातून तुटलेल्या एका मुलाच्या वाट्यास जे नाव आले ते राजवैभवास पोहोचले, पण एकाच घराण्याचे राहिले व त्या घराण्याबरोबर मावळले. जे आडनाव हुद्द्यावरून आले ते हुद्दा गेल्यावरही टिकले. जे बापाच्या नावावरून आले ते सिंहासन गेल्यावर टिकले नाही. भाऊबंदांपासून दुरावणे हेच ह्या नावाच्या उगमाचे कारण आणि तेच त्याच्या विरलतेचेही कारण होय.

९

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. ‘बहिरी’ हे कुलनाम ‘भैरव’ ह्या पितृनामापासून आले असण्याची शक्यता सर्वांत बलवत्तर आहे. ‘भैरव’चे ‘बहिरी’ होणे हे उच्चारदोषाचे फळ नसून मराठी बोलीच्या व फारसी लिपीच्या स्वाभाविक प्रवृत्तीस धरून आहे. ससाण्याचा अर्थ त्यास मागाहून मिळाला असावा, व त्या अर्थामुळे फारसी दरबारात ते नाव स्थिरावले असावे. तबातबाईने दिलेल्या बहमनी वंशावळीशी ह्या लकबाचा मेळ बसत नाही. आणि वतनाचा आधार नसल्यामुळे राज्यान्तानंतर हे नाव समाजात उतरले नाही.

दख्खनच्या पाचही शाह्यांतील लकबांचा व आडनावांचा असा एकत्र अभ्यास व्हावयास हवा. ह्या शाह्यांच्या राज्यकारभारातून फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार अशी कितीतरी नावे मराठीत आली व घरोघर रुजली, ही बाजू सर्वपरिचित आहे. देशी नावे फारसी वेष घेऊन सिंहासनापर्यंत कशी गेली, ही दुसरी बाजू तितकीच खरी आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी गेले आहे. भिंगारच्या शिवारात इ. स. १४९० मध्ये जो विजयी झाला, त्याच्या नावाच्या शेवटी पाथरीच्या एका कुलकर्ण्याचे नाव उभे होते. ते वाचता येण्यासाठी फारसीइतकीच मराठीची जाण अवश्य आहे.